व्हीसीआरच्या काचेतलं घड्याळ

रोह्याला मामांचं व्हीसीआर भाड्याने देण्याचं दुकान होतं. दुकान केव्हाच बंद झालं, पण एक व्हीसीआर माळ्यावर पडून होता. तो भंगारात निघाला तेव्हा मी म्हटलं, "मामा, हा मला द्या. वेळ दाखवणारी काच चालू असेल, तर तिचं घड्याळ करतो."

पेणला आणून मी ती काच सोडवली. आतला चंदेरी डाग शाबूत होता. हवा शिरली असती, तर तो पांढरा पडला असता. म्हणजे आतली निर्वात पोकळी टिकून होती.

ही काच म्हणजे व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्ले. असा डिस्प्ले जपानमध्ये 1967 च्या सुमारास तयार झाला. आत केसाएवढ्या बारीक तारा असतात. हे फिलामेंट तापलं की इलेक्ट्रॉन सुटतात. ग्रिड म्हणजे जाळी त्यांना सोडते किंवा अडवते. पलीकडच्या झिंक ऑक्साइडच्या पट्टीवर ते आदळले की हिरवट-निळा उजेड पडतो.

माझ्याकडच्या काचेचं माहितीपत्रक कुठेच मिळेना. मग तिलाच विचारायचं ठरवलं. दोन टोकांच्या पायांमध्ये मल्टिमीटरवर अगदी कमी रोध आला, म्हणजे ते फिलामेंट. खोलीत अंधार करून अर्ध्या व्होल्टपासून हळूहळू वर गेलो. तार किंचित लालसर दिसताच व्होल्टेज खाली आणलं, कारण नीट चालताना ती दिसता कामा नये. मग उरलेल्या सगळ्या पायांना एकदम 24 व्होल्ट दिले आणि आकडे, वार, रेकॉर्डिंगची खूण, सगळी काच उजळली! इतक्या वर्षांनी तो रंग पाहून मला फार आनंद झाला.

पुढे एकेक पाय सोडवून पाहिला. पूर्ण अंक विझला तर तो पाय ग्रिडचा, सगळ्या अंकांतली एकच पट्टी विझली तर पट्टीचा. अशी वहीत यादी झाली.

पेणच्या गणपती कारखान्यांत रंगकाम जोरात होतं, त्या दिवसांत मी सर्किट जोडलं. अर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड एकेक अंक इतक्या झपाट्याने पेटवतो की डोळ्यांना सगळे एकदम दिसतात. शेजारच्या अंकाची सावली पडू नये म्हणून मध्ये क्षणभर सगळं बंद ठेवावं लागतं. फिलामेंटला डीसी दिला, तर एका बाजूचे अंक मंद दिसतात, म्हणून एसी दिला. डीएस 3231 ही चिप वेळ सांभाळते. वर्षाकाठी तिची चूक फार तर मिनिटभराची. पावसात वीज गेली तरी बटण सेलवर ती चालू राहते. आपल्याकडच्या दमट हवेत तांबं हिरवं पडतं, म्हणून बोर्डावर लॅकर मारलं.

तुमच्या माळ्यावर असा जुना व्हीसीआर किंवा म्युझिक सिस्टीम असेल, तर भंगारात देण्याआधी तिची काच जरूर तपासा. प्लग काढून बराच वेळ थांबा, कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. कागदपत्रं नसली तरी अडत नाही. कमी व्होल्टपासून सुरुवात करा आणि दिसेल ते लिहून ठेवा.