लॅबला इमेज टाकताना

उन्हाळी परीक्षा आटोपल्या की कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये घोस्ट मारायचे दिवस येतात. खुद्द घोस्ट आता तिथे नसतं. ऑकलंडच्या मरे हॅझार्ड यांनी १९९०च्या दशकात लिहिलेलं हे सॉफ्टवेअर १९९८मध्ये सिमँटेकने विकत घेतलं आणि नॉर्टन घोस्टची विक्री २०१३मध्ये थांबली. आज त्या जागी फॉग असतं, नाहीतर तैवानमध्ये तयार झालेलं, फुकट मिळणारं क्लोनझिला असतं. तरी लॅब असिस्टंट विचारतो ते "आज कुठल्या लॅबला घोस्ट मारायचा?" असंच.

काम वरवर सोपं दिसतं. एक पीसी नीट तयार करायचा, त्याच्या डिस्कची इमेज काढायची आणि ती बाकीच्या पीसींवर टाकायची. यात काय एवढं, कॉपीच तर करायची! पण इन्स्टॉल होताना ऑपरेटिंग सिस्टिम त्या एका मशीनबद्दल बरंच काही लिहून ठेवते: नाव, ओळख क्रमांक, ड्रायव्हर, किल्ल्या. लग्नपत्रिका छापताना पाकिटावर 'श्री.'च्या पुढची जागा कोरी सोडतात, तशी इमेज काढण्याआधी या सगळ्याची जागा कोरी करावी लागते. इमेजमध्ये काय घालायचं हे कुणीही सांगेल. तयार माणूस ओळखायचा तो काय पुसायचं हे त्याला ठाऊक आहे का, यावरून.

याचा सगळ्यात गमतीदार पुरावा म्हणजे एसआयडीची गोष्ट. प्रत्येक विंडोज मशीनला इन्स्टॉल होताना एक सुरक्षा क्रमांक मिळतो, तो एसआयडी. नुसती डिस्क कॉपी केली की साऱ्या लॅबला एकच क्रमांक. त्यावर उतारा म्हणून न्यूसिड नावाचं छोटं साधन होतं. क्लोन केल्यावर ते चालवलं की नवा क्रमांक मिळे. २००९च्या नोव्हेंबरमध्ये ते लिहिणाऱ्यांपैकी मार्क रसिनोविच यांनीच ते मागे घेतलं. दोन मशीनचा एसआयडी सारखा असला की काहीतरी बिघडतं, हा निव्वळ गैरसमज आहे, असं त्यांनी सविस्तर मांडलं. मायक्रोसॉफ्टचा अधिकृत नियम मात्र तोच राहिला: इमेज काढण्याआधी सिसप्रेप, म्हणजे मशीनची ओळख पुसणारं विंडोजमधलं साधन, चालवा. पण आळशाला निमित्त पुरतं. कित्येकांनी सिसप्रेपचा नाद सोडला आणि वर्षानुवर्षं खरंच काही बिघडलं नाही.

मग २०२५ उजाडलं. ऑगस्टअखेरच्या आणि सप्टेंबरच्या विंडोज ११ अपडेटांनी एसआयडीची तपासणी कडक केली. सारखा क्रमांक असलेली मशीनं एकमेकांना ओळख देईनाशी झाली. शेअर केलेलं फोल्डर उघडेना, रिमोट डेस्कटॉप लागेना, पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा म्हणून परत येई. मायक्रोसॉफ्टचा कायमचा उपाय एकच: मशीन रीतसर सिसप्रेप करून पुन्हा उभं करा.

लिनक्सवाल्यांनी यावर हसू नये. तिथेही मशीन-आयडी नावाची एका ओळीची फाइल असते. ती रिकामी न करता उबुंटू सर्व्हरचं क्लोन काढलं, तर दोन मशीनना डीएचसीपीकडून एकच आयपी पत्ता मिळू शकतो. मॅक पत्ते वेगळे असूनही. तंत्रज्ञ बिचारा स्विच आणि केबल तपासत बसतो. एसएसएचच्या किल्ल्याही अशाच पुसायच्या असतात, नाहीतर सगळ्या लॅबच्या कुलपाला एकच किल्ली.

ज्याची इमेज काढायची ते मास्टर मशीन शक्यतो व्हर्च्युअल घ्यावं, म्हणजे खऱ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर त्याला चिकटत नाहीत. एक्सपीच्या जमान्यात एका मदरबोर्डची इमेज दुसऱ्यावर टाकली, तर निळा पडदा ठरलेला. म्हणून दर मॉडेलमागे वेगळी इमेज सांभाळावी लागे. व्हिस्टाबरोबर विम हा फाइलींवर आधारलेला प्रकार आला, त्यात तीच फाइल दोनदा साठवली जात नाही, आणि एकच इमेज निरनिराळ्या मशीनवर चालू लागली. मास्टरवर विंडोज पहिल्यांदा नाव-गाव विचारायला लागलं की उत्तर न देता कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ दाबायचं. ऑडिट मोड उघडतो. तिथे सॉफ्टवेअर भरायची. इंटरनेट मात्र तोडून ठेवायचं. चालू राहिलं तर स्टोअर मागच्या मागे आपली अॅप अद्ययावत करतं, ती त्या एकाच यूजरच्या नावावर चढतात आणि शेवटी सिसप्रेप अडून बसतं. सिसप्रेपच्या आधी स्नॅपशॉट घ्यायचा. नंतर मशीन बंद झालं की इमेज निघेपर्यंत ते पुन्हा चालू करायचं नाही.

मराठी लॅबला एक जास्तीचं काम असतं. विंडोज १०पासून मंगल फॉन्ट मूळ इन्स्टॉलेशनमध्ये येत नाही. देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या गठ्ठ्यात तो वेगळा मागवावा लागतो. तो इमेजमध्ये घातला नाही, तर मंगलमध्ये टाइप केलेले जुने अर्ज आणि प्रश्नपत्रिका दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडतात आणि पानांची मांडणी सरकते. इन्स्क्रिप्ट कीबोर्डचंही तसंच. तो मास्टरच्या अॅडमिनिस्ट्रेटरला जोडून भागत नाही. नवा विद्यार्थी लॉगिन करील तेव्हा त्याला मिळाला पाहिजे, म्हणजे विंडोज सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच भरून ठेवतात त्या एक्सएमएल फाइलीत लिहिला पाहिजे.

इमेज तयार झाली, की हमखास कुणीतरी प्राध्यापक डोकावतात. "अहो, आमचं ते एक सॉफ्टवेअर राहिलं. तेवढं टाकून द्या ना." तेवढं तेवढं करत इमेज फुगते. मोठ्या कंपन्यांनी आता उलटी वाट धरली आहे: कोरं विंडोज ठेवायचं आणि बाकी सगळं लॉगिननंतर इंटरनेटवरून उतरवायचं. जिथे दिवसभर भरवशाचं इंटरनेट आहे तिथे ते शोभतं. पण जिथे पहिल्या प्रॅक्टिकलला साठ मुलं एकदम लॉगिन करतात आणि लाइन एकच असते, तिथे भरलेली इमेजच बरी. केरळच्या काइट संस्थेने शाळांसाठी उबुंटूवर बेतलेली जी प्रणाली काढली, तीही अशीच अभ्यासक्रमाची सॉफ्टवेअर पोटात घेऊन येते.

वाटपात खरी बचत मल्टिकास्टची. पंचवीस जीबीची इमेज चाळीस पीसींना वेगवेगळी पाठवायची, तर सर्व्हरच्या एक गिगाबिटच्या तारेतून हजार जीबी जावे लागतात. अडीच तासांची निश्चिंती. मल्टिकास्टमध्ये ती एकदाच सुटते आणि सगळे एकदम झेलतात. कागदावर हिशेब चार मिनिटांचा. पण सगळ्यांचा वेग सगळ्यात मंद पीसी ठरवतो. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात. कोपऱ्यातल्या एखाद्या पीसीच्या पॅच कॉर्डमधली एक तार तुटली, की तो गपचूप शंभर मेगाबिटवर उतरू शकतो आणि मग चार मिनिटांचं काम सदतीस-अडतीस मिनिटांवर जातं. म्हणून जाणकार माणूस इमेज सोडण्याआधी स्विचवरचे दिवे बघत एक फेरी मारतो. ज्या पोर्टचा रंग वेगळा, तो पीसी बाजूला काढून नंतर एकटाच भरतो.

वेग जितका जास्त, तितकी चूकही वेगाने पसरते. २०१४च्या मे महिन्यात अमेरिकेत अटलांटाच्या एमोरी विद्यापीठात विंडोज ७ टाकण्याचं एक काम चुकून विद्यापीठातल्या साऱ्या विंडोज मशीनना सुटलं. लॅपटॉप, डेस्कटॉप, सर्व्हर, सगळे फॉरमॅट व्हायला लागले. चूक ध्यानात येईपर्यंत ज्या सर्व्हरवरून हा हुकूम निघाला होता, तोही स्वतःलाच पुसून बसला होता. म्हणजे थांबवायचं ठिकाणच उरलं नव्हतं.

तेव्हा नेटवर्कवरून बूट होणाऱ्या मेनूत पहिला पर्याय 'स्वतःच्या डिस्कवरून सुरू कर' हाच ठेवावा, आणि इमेज टाकण्याच्या पर्यायाला पासवर्ड लावावा. नवी इमेज आधी एका पीसीवर उतरवून तिथे प्रिंट काढून बघावी, मराठीत चार ओळी टाइप कराव्यात, शेजारच्या पीसीचं फोल्डर उघडावं. लॅबची यादी मॅक पत्त्यांनी बांधावी. 'सर्व संगणक' हा गट दिसला तरी त्याला हात लावू नये. आणि इमेज वाटणाऱ्या सर्व्हरचा मॅक पत्ता त्या यादीत नाही ना, हे पुन्हा एकदा बघून घ्यावं.