सरपंचाला स्पॅनिशमध्ये काय म्हणावे?

माझी भाची धर्मभगिनी आहे. स्पेनमधील एका लहानशा गावी वृद्धांच्या आश्रमात ती सेवा करते. 2018 साली ती सुट्टीवर रत्नागिरीस आली, तेव्हा तिच्याजवळ एक कोरी वही होती. आश्रमातील आजीआजोबांनी तिला विचारले होते, "तुमच्या देशाचा कारभार कोण पाहतो? तुमच्या गावाचा प्रमुख कोण?" परत गेल्यावर तिला त्यांच्यापुढे अर्धा तास बोलायचे होते.

"मामा," ती म्हणाली, "माझं स्पॅनिश स्वयंपाकघरातलं आणि आजाऱ्याच्या उशाशी बोलायचं. लोकसभा, विधानसभा, ग्रामपंचायत यांना शब्द आणू कुठून?"

मी ती भाषा मुंबईत कॉलेजात असताना शिकलो. पहिल्या महायुद्धात जर्मन येशूसंघीयांना मुंबई सोडावी लागली आणि पुढे त्यांच्या जागी स्पॅनिश धर्मगुरू आले. इतिहाससंशोधक फादर हेरास त्यांच्यापैकीच. त्याच परंपरेतील एका वृद्ध फादरांनी मला संध्याकाळी हौसेने शिकवले होते. पन्नास वर्षांची धूळ झटकून मी शब्दकोश काढला आणि आम्ही ओटीवर बसलो.

पहिला शब्द सोपा निघाला. सरकार म्हणजे 'गोबिएर्नो'. त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून अर्थ आहे नौका हाकणे, सुकाणू धरणे. मिरकरवाड्याच्या बंदरावर लहानाची मोठी झालेली माझी भाची हे ऐकून प्रसन्न झाली. मी पुढे सांगितले, "आपला सुकाणू हा शब्दही अरबीतून आला, आणि सरकार फारसीतून. मंत्र्याला तिकडे 'मिनिस्त्रो' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सेवक." ती हसली. "हे मात्र सगळ्याच देशांतल्या मंत्र्यांना सांगायला हवं!"

दुसऱ्या शब्दापाशी अडखळलो. राष्ट्रपतींना 'प्रेसिदेन्ते' म्हणावे, असे मला सहज वाटले. परंतु स्पेनमध्ये 1978 च्या संविधानाप्रमाणे राष्ट्रप्रमुख राजा असतो आणि पंतप्रधानालाच 'सरकारचा प्रेसिदेन्ते' म्हणतात. नुसते 'प्रेसिदेन्ते' म्हटले असते, तर आजीआजोबांनी आपल्या राष्ट्रपतींच्या हाती सारा कारभार सोपवला असता. म्हणून 'प्रजासत्ताकाचे प्रेसिदेन्ते' असे पूर्ण लिहिले. संसदेसाठी 'कोर्तेस' हा भारदस्त शब्द मला मोहवीत होता. लेओनच्या राजाने 1188 साली भरवलेल्या कोर्तेसपासून त्या नावाची परंपरा सांगतात. पण ते त्यांच्या घरचे नाव. दुसऱ्याच्या घराची पाटी आपल्या दारावर लावू नये. आम्ही साधा 'पार्लामेन्तो' पत्करला.

लोकसभा हे नाव आपण 1954 साली रूढ केले. तिला 'कामारा देल पुएब्लो' हा शब्द मिळाला. 'कामारा' म्हणजे दालन. त्याचे पोर्तुगीज भावंड हिंदीत 'कमरा' होऊन बसले आहे. आणि 'पुएब्लो' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: लोक आणि गाव. भाचीने तो शब्द वहीत अधोरेखित केला.

तिसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. ग्रामपंचायतीसाठी मी विश्वासाने 'कोन्थीलिओ' लिहिले. ती पोट धरून हसू लागली. "मामा, तुम्ही तर आपल्या पंचायतीत बिशप बसवलेत!" खरेच होते. 'कोन्थीलिओ' म्हणजे धर्मपरिषद, व्हॅटिकनला भरते ती. 'कोन्सेखो' म्हणजे सल्लागार मंडळ, शिवाय सल्लाही. आणि नगराचे वा गावाचे कामकाज पाहते ते 'कोन्थेखो'. तीन सख्ख्या बहिणी एकमेकींसारख्या दिसाव्यात, पण तिघींची सासरे वेगळी असावीत, तसे हे शब्द.

मग आला सरपंच. मी बराच विचार करून 'ग्रामपरिषदेचा अध्यक्ष' या अर्थाची लांबलचक रचना केली. कायद्याच्या दृष्टीने तीत खोट नव्हती. भाची म्हणाली, "एवढं म्हणेपर्यंत माझ्या आजीबाईंना झोप लागेल. तिथं गावाच्या प्रमुखाला 'आल्काल्दे' म्हणतात. मी तोच म्हणणार." मी विरोध केला. आल्काल्देचे अधिकार वेगळे, निवडीची रीत वेगळी. आपला सरपंच 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातला. आमचे थोडे वाजलेच.

रात्री झोप येईना. शासनसंस्थांना नावे ठेवणे सर्वांना जमते, नावे देणे कठीण. आमच्या रत्नागिरीला हे निराळे सांगायला नको. स्वातंत्र्यवीर सावरकर 1924 पासून 1937 पर्यंत येथे स्थानबद्ध होते आणि त्या काळात त्यांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. मेयरला 'महापौर' हा शब्द त्यांचाच. 'विधिमंडळ' हा शब्दही त्यांच्याच नावे सांगतात. आज हे शब्द उच्चारताना ते कोणी घडवले याची आठवणही होत नाही. घडवणाऱ्याचे याहून मोठे यश कोणते? त्यापूर्वी शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यातील 'सेनापती' आणि 'सचिव' आजही आपल्या कामी येतात. मात्र पेशव्याला 'मुख्य प्रधान' केले, तरी लोकांच्या तोंडी तो पेशवाच राहिला. म्हणजे शब्द कोशात घालणे विद्वानांच्या हाती, पण त्याला घरात घेणे लोकांच्या हाती.

आणि 'आल्काल्दे'? हा शब्द अरबी 'अल्-काझी'पासून आला. आपल्या कोकणात काझी हे आडनाव आहे, तोच हा शब्द! मुसलमानी सत्ता जाऊन शतके लोटली, तरी स्पेनच्या लोकांनी तो टाकला नाही. न्याय देणारा काझी हळूहळू गावाचा कारभारी झाला. आपल्या 'सरपंचा'तही 'सर' फारसी आणि 'पंच' संस्कृत. दोघांच्याही कुळात परका रक्तसंबंध, आणि दोघेही आपापल्या गावचे.

मला आईची आठवण झाली. तिच्या निवृत्तिवेतनाच्या कागदावर 'शासनाच्या आदेशान्वये' असे छापलेले होते. चौथी शिकलेली माझी आई घाबरून म्हणाली होती, "शासन? मी काय गुन्हा केला रे?" तिला शासन म्हणजे शिक्षा एवढेच ठाऊक होते. 'सरकारच्या हुकुमाने' असे असते, तर ती निश्चिंत झाली असती. शुद्ध शब्दाने एका म्हातारीची रात्रभराची झोप घेतली. आणि आज मीही तेच करायला निघालो होतो.

सकाळी मी वहीतील माझी ओळ खोडली आणि 'आल्काल्दे' लिहिले. खाली एक वाक्य जोडले, आमच्याकडे हे पद पुष्कळदा स्त्री भूषविते.

दोन महिन्यांनी तिचे पत्र आले. भाषण झाल्यावर नव्वदीला टेकलेल्या एका आजीबाईंनी तिचा हात धरला. "तुमच्याकडेही गावाला आल्काल्दे असतो तर! माझे वडील आल्काल्दे होते." 1936 साली यादवी युद्ध पेटले, तेव्हा त्यांना एका रात्री घरातून नेले. ते परतले नाहीत. आजीबाई तेव्हा लहान होत्या. आश्रमातील कोणीही त्यांच्या तोंडून ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. मग त्यांनी विचारले, "तुमचा आल्काल्दे गावात पाणी आणतो का? माझ्या वडिलांनी कारंजे बांधले होते. ते अजून वाहते." भाचीने त्यांना आपल्या कोकणाचे सांगितले: चार महिने धो धो पाऊस, आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहणारे हंडे. सरपंचबाई त्यासाठी पंचायत समितीत कशी खेटे घालते, तेही सांगितले. आजीबाई उशिरापर्यंत तिच्याशी बोलत बसल्या.

पत्र मी दोनदा वाचले. माझी ती बिनचूक रचना भाचीने वाचली असती, तर आजीबाईंनी मान डोलावून औषध घेतले असते आणि त्या झोपी गेल्या असत्या.

'प्रेसिदेन्ते' आणि 'कोन्थीलिओ' यांच्या बाबतीत मी आजही काटेकोर आहे. तेथे चूक झाली, तर एकाचे काम दुसऱ्याच्या माथी बसते. परंतु ज्या दाराशी गरीब माणूस अर्ज घेऊन उभा राहतो, त्या दारावरची पाटी त्याला वाचता आली पाहिजे. पाटीचे कुळ त्याने कधी विचारले नाही. तो एवढेच विचारतो, आत कोणी आहे का, आणि पाणी येईल का.