कॉइलची बदली

वर्ध्याच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या मोटारीला स्पार्क प्लगची गरजच नव्हती. जमनालालजी बजाजांकडच्या एका जुन्या फोर्डला म्हणे बैल जुंपले होते, आणि इंग्रजीत बैलाला ‘ऑक्स’ म्हणतात म्हणून तिला ‘ऑक्स-फर्ड’ म्हणत, अशी आठवण सांगतात. ती अडली की पेंढी पुढे धरली, काम झालं. आमची गाडी पेट्रोल पिऊनही अडते.

गाडी तीन सिलिंडरची. धाव १,८६,००० किलोमीटर. गेल्या मे महिन्यात ती उभ्या जागी थरथरू लागली. बजाज चौकात थांबलो की सौभाग्यवतींच्या बांगड्या आपोआप वाजायच्या. नागपूर रस्त्यावर ट्रकला मागं टाकायचं, तर आधी अर्ज करून वाट पाहावी लागे.

शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी ‘वय झालं’ असं निदान केलं, आणि ते करताना एकदा माझ्याकडेही पाहिलं. पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला, “बाबा, विकून टाका. जुन्यावर आता खर्च करण्यात अर्थ नाही.” हा न्याय त्यानं तूर्त गाडीपुरताच ठेवला, ही त्याची कृपा.

आमच्या मेकॅनिकनं मात्र बॉनेट उघडून नुसते कान दिले. म्हणाला, “काकाजी, गाडी म्हतारी नाई झाली. तिघांतला एक जण काम नाई करून राह्यला.”

हे मला लगेच पटलं. मी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत.

या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करायचे आणि प्लगकडे ठिणगीसाठी पाठवायचे, हे तिचं काम. इंजिन चालू ठेवून त्यानं एकेका कॉइलची जोडणी काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन जास्तच गचके खाऊ लागलं. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली, तर काही फरकच नाही! ज्याच्या रजेनं कामात फरक पडत नाही, तो कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण दोष माणसाचा की खुर्चीचा? यावर सरकारदरबारी एकच उपाय आहे, तो त्यानंही केला : बदली. इंजिन बंद करून तीन नंबरची कॉइल दोनवर नेली, दोनची तीनवर. पुन्हा चालू करतो तो तीन नंबर कामाला लागलेला आणि दोन नंबर ढिम्म! खुर्ची निर्दोष सुटली.

मग इंजिन थंड झाल्यावर प्लग निघाले. टोकं झिजून तिन्हींचा गॅप वाढला होता. “ठिणगीले लांब उडी माराव लागते, काकाजी. तिच्यापायी कॉइलचा जीव जाते,” तो म्हणाला. म्हणजे झिजलेल्या प्लगवर नवी कॉइल बसवणं हे नव्या सुनेला जुन्या पाट्या-वरवंट्याला जुंपण्यासारखंच. तेव्हा प्लग तिन्ही नवे.

“आणि कॉइलही तिन्ही बदलू या का?” मी विचारलं. एका मोठ्या गॅरेजनं तसा कागदच हातात दिला होता.

“दोघी चांगल्या हायेत नं? चांगल्याले कायले काढता?”

प्लग काढण्याआधीच त्यानं खळग्यांतली धूळ हवेनं उडवली होती. आमच्याकडे मे महिन्यात तिला तोटा नाही. मग प्लगला रबरी नळीचा तुकडा लावून तो नुसत्या बोटांनी फिरवत आत उतरवला. इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं. आटे वाकडे गेले, तर प्लगपायी डोकं दुरुस्त करत बसायची पाळी. पाना अगदी शेवटी, आणि तोही बेतानं.

गाडी सुरू केली. बांगड्या गप्प. सौभाग्यवतींनी हात हलवून खात्री करून घेतली.

चिरंजीवांना कळवलं, तर म्हणतात, “पण बाबा, असं किती दिवस?”

म्हटलं, “तीन प्लग आणि एक कॉइल, एवढंच हिशेबात धर.”

येत्या सोमवारी गुडघा दाखवायला जायचं आहे. डॉक्टर ‘वय झालं’ म्हणाले, तर मी विचारणार आहे, “साहेब, आधी डाव्याची उजव्याशी बदली करून पाहिलीत का?”