आवडलं नाही, असं म्हणायची सोय

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत हल्ली ‘स्वमत’ नावाचा प्रकार असतो. उतारा किंवा कविता वाचायची आणि आपल्याला काय वाटतं ते लिहायचं. आम्ही ऐंशीच्या दशकात शाळेत होतो, तेव्हा आमचं मत काय, याची परीक्षेला काही पडलेली नव्हती. कोण कोणास म्हणाले ते सांगा, संदर्भासह स्पष्टीकरण द्या आणि मोकळे व्हा. मत म्हणून जे काही विचारलं जाई ते एका निबंधात, ‘माझे आवडते पुस्तक’. तिथेही अख्ख्या वर्गाचं आवडतं पुस्तक एकच निघायचं, ‘श्यामची आई’. बाई फळ्यावर मुद्दे लिहून द्यायच्या: लेखकाचा परिचय, मातृप्रेम, संस्कार, भाषेची गोडी, समारोप. मग सगळ्या वह्यांमध्ये एकाच ओळीवर डोळे पाणवायचे. ज्याने पुस्तक उघडलंही नव्हतं त्याचेसुद्धा.

म्हणून पुस्तकांवर आम्ही बोलतच नव्हतो असं मात्र नाही. बोलायचो, भांडायचोही. ते वहीत उतरत नसे, इतकंच.

खरी मतं सापडायची वाचनालयाच्या पुस्तकांत. आमच्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयात बालविभाग म्हणजे दोन कपाटं. दोन्हींना कुलूप, किल्ली ग्रंथपालांच्या खिशात, आणि एका वेळी एकच पुस्तक मिळणार. पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर, मागे तारखांची चिठ्ठी आणि आत आधीच्या वाचकांचं पेन्सिलीतलं अक्षर. ‘माझे नाव हवे असल्यास पान ४२ पाहा.’ बेचाळीसवर ‘पान ८७ पाहा’. सत्त्याऐंशीवर, ‘गाढवा, पुस्तक वाच.’ ही झाली थट्टा. पण शेवटच्या कोऱ्या पानावर चक्क परीक्षणं असत. ‘एकदम फर्मास.’ त्याखाली ‘भिकार. वेळ घालवू नये.’ त्याखाली वेगळ्या शाईत ‘तुला काय कळतंय?’ आणि सगळ्यात खाली तिसऱ्याचा निवाडा, ‘गोष्ट चांगली, शेवट फालतू.’ कोणी लिहिलंय ते कधी कळत नसे. लिहिणाऱ्याला मार्क नव्हते, बक्षीस नव्हतं; सापडला तर दंड तेवढा होता. तरी पोरं लिहायची. माझं समीक्षेचं पहिलं शिक्षण त्या पानांवर झालं. पुढे कॉलेजात जी समीक्षा वाचली ती यापेक्षा फार निराळी नव्हती, लांब होती.

दुसरी जागा म्हणजे ऑफ तास. सर रजेवर असले की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून सांगत, ‘आवाज नको, कुणीतरी गोष्ट सांगा.’ मग मागच्या बाकावरचा एक जण पुढे यायचा. तो बाबूराव अर्नाळकरांचा भक्त. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात अर्नाळकरांना प्रवेश नव्हता, पण झुंजार आणि काळा पहाड भूगोलाच्या पुस्तकाच्या आडून वर्गात येतच. हा गडी गोष्ट सांगता सांगता थांबायचा आणि म्हणायचा, ‘इथं मला वाटलं होतं, नोकरच खुनी.’ लगेच वर्गात दोन तट. घंटा व्हायची तेव्हा शेवट हमखास शिल्लक असायचा. तो ऐकवायच्या बदल्यात त्याने मधल्या सुट्टीत पोरांकडून बोरं वसूल केलेली मी पाहिली आहेत. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत, त्या काळाची हवाच तशी होती. गोष्ट वाचून झाली की ती कुणाला तरी सांगायची असते, हे शिकवावं लागत नव्हतं. स्नेहसंमेलनात पुलंची ‘म्हैस’ कॅसेटवरून पाठ करून सादर करणारा एक तरी निघायचाच.

वादांचा वाद मात्र एकच: फास्टर फेणे भारी की गोट्या? ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आपल्याच आळीत राहत असेल असा. भा. रा. भागवतांचा फाफे मात्र सायकलवर टांग टाकून कुठल्या कुठे पोचणारा. जिभेने बरोबर ‘टॉक्’ करता आलं नाही, तर फाफेच्या बाजूने बोलायचा हक्क नाही, असा आमचा नियम होता. फाफेचं फुरसुंगी हे खरंच पुण्याजवळचं गाव आहे असं कळल्यावर आमच्यातल्या एकाने पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकलं: श्री. बनेश फेणे, मु. पो. फुरसुंगी, जि. पुणे. उत्तर अर्थातच आलं नाही. पुढे पुण्याच्या कचरा डेपोमुळे फुरसुंगीचं नाव पेपरात झळकायला लागलं, तेव्हा आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना उगाचच आपल्या घराण्याची बदनामी झाल्यासारखं वाटलं असणार.

आताचं चित्र बघा. १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलामांची जयंती, २०१५ पासून राज्यभर ‘वाचन प्रेरणा दिन’. त्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओंचा पाऊस पडतो. इस्त्रीचा गणवेश, छातीशी धरलेलं पुस्तक, ‘नमस्कार, मी वाचलेल्या पुस्तकाचं नाव आहे…’ आणि शेवटी न चुकता ‘यातून मला असा बोध मिळाला की…’. मध्येच पोर अडखळलं की मोबाइलमागून आईने पुटपुटलेली ओळ स्पष्ट ऐकू येते. ‘स्वमत’चंही तेच. तुमचं मत काय, याचं उत्तर गाईडमध्ये छापून मिळतं. फळ्यावरचे मुद्दे गेले म्हणता म्हणता ते विकत मिळायला लागले.

तरीही जुन्या काळाच्या बाजूने निकाल द्यायला मी तयार नाही. एक तर पुस्तकं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. आमच्यापर्यंत अंक पोचायचा तो दहा हातांतून, शब्दकोडं आधीच कुणीतरी शाईने भरलेला. आज त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत, त्याही फुकट. वाडीवरच्या मुलीला कुणाच्या खिशातल्या किल्लीची वाट बघावी लागत नाही. मुलीला, असं मुद्दाम म्हणतोय. आमच्या वाचनालयात संध्याकाळी मुली जवळपास नसतच. त्यांचं पुस्तक भाऊ बदलून आणायचा, म्हणजे त्याच्या आवडीचं. कोऱ्या पानांवरच्या त्या भांडणांत एखाद्या मुलीचं अक्षर होतं की नाही, कोण जाणे.

दुसरं कारण मोठं आहे. आजची मुलं नाही म्हणतात. गेल्या वर्षी एका शाळेत सातवीच्या मुलांशी पुस्तकांवर गप्पा मारायला गेलो होतो. ‘श्यामची आई’ निघालंच. श्याम पोहायला घाबरून लपतो आणि आई त्याला मारत बाहेर काढते, तो प्रसंग. एक मुलगी उठून म्हणाली, ‘मला तिथं ती आई नाही आवडली. तो घाबरला होता ना?’ वर्ग चिडीचूप. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मागून एक मुलगा म्हणाला, ‘पण नंतर तिलाही वाईट वाटतं.’ ही तडक: ‘वाईट वाटतं तर मारायचं कशाला?’ मग जे सुरू झालं ते थांबवणं बाईंना जड गेलं. आमच्या वेळी असं बोलणाऱ्याच्या घरी चिठ्ठी गेली असती.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. त्याची मांडणीच अशी आहे की आश्रमातले मित्र रात्री जमतात, श्याम आईची आठवण सांगतो आणि ऐकणारे मध्ये बोलतात, विचारतात. ती मुलगी त्यांच्यातच जाऊन बसली, असं मी समजतो.

तास संपल्यावर बाईंनी छापील तक्ते वाटले. पुस्तकाचे नाव, लेखक, आवडलेला प्रसंग, मिळालेला बोध. त्याच मुलीचा तक्ता मी मुद्दाम पाहिला. बोधाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘आईचे प्रेम थोर असते.’

बाईंना दोष देत नाही. तक्ता वरून आलेला असतो आणि भरून वर पाठवायचा असतो. पण शिक्षकांनो, तुमच्या वर्गापुरतं तरी एवढं करा. येत्या १५ ऑक्टोबरला बोधाचा रकाना खोडा, तिथे ‘काय खटकलं?’ असं लिहा आणि त्याला गुण ठेवू नका. जमलं तर शाळेच्या ग्रंथालयातल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान चिकटवा आणि पोरांना त्यावर लिहू द्या, नाव न घालता. शिव्या सोडून काहीही चालेल असं सांगा. ‘भिकार’ मात्र शिवीत धरू नका.