सामना आणि गुन्हा

रॅप गाणाऱ्यांची भांडणे हा साहित्यचर्चेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांना येईल. आमच्या मते तो व्हायलाच हवा. ज्या भाषेने कलगी-तुऱ्याचे फड पाहिले, तिला गाण्याने गाण्यावर केलेली कुरघोडी नवी नाही. कलगीवाल्यांनी शक्तीला श्रेष्ठ म्हणावे, तुरेवाल्यांनी शिवाला. एकाने कूट घालावे, दुसऱ्याने ते पद्यातच सोडवावे. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने अजूनही रंगतात. आमच्या किनवटकडे, म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाला भिडलेल्या टोकाला, याच्या जवळची गोष्ट म्हणजे भीमजयंतीच्या दिवसांतला कव्वालीचा सामना. मंच एक, पार्ट्या दोन. टोमणे असे बसतात की समोरच्याने खाली मान घालावी. पण दोघांची बिदागी आधीच ठरलेली असते, आणि पहाटे दोन्हीकडचे वादक एकाच टपरीवर चहा घेतात.

रॅपमधले ‘डिस’ हे या सामन्याचेच भावंड. २०१८ साली रफ्तारने एका मुलाखतीत एमीवे बंटायच्या कमाईविषयी काही टिप्पणी केली. एमीवेने ‘समझ में आया क्या’ हे गाणे काढले, रफ्तारने ‘शेख चिल्ली’ने परतफेड केली, त्यावर ‘गिरफ्तार’ आले. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरचा एमसी स्टॅन (अल्ताफ शेख) यानेही ‘खुजा मत’ म्हणत एमीवेशी पंगा घेतला. परिणाम काय झाला? एमीवे फेब्रुवारी २०१९मध्ये ‘गली बॉय’च्या पडद्यावर दिसला, आणि स्टॅन फेब्रुवारी २०२३मध्ये प्रेक्षकांच्या मतांवर ‘बिग बॉस’ जिंकला. त्या भांडणाने कोणाचे दुकान बंद पडले, असे दिसत नाही.

अमेरिकेत हाच हिशेब मोठ्या आकड्यांत मांडला गेला. २०२४मध्ये केंड्रिक लमार आणि ड्रेक यांच्यात गाण्यांची जुंपली. केंड्रिकच्या ‘नॉट लाइक अस’ने पुढच्या फेब्रुवारीत पाच ग्रॅमी पारितोषिके मिळवली. ड्रेकने जानेवारी २०२५मध्ये दावा लावला तो केंड्रिकवर नव्हे, युनिव्हर्सल म्युझिक या कंपनीवर. आणि दोघांचीही गाणी बाजारात आणणारी कंपनी तीच! ऑक्टोबर २०२५मध्ये न्यायालयाने तो दावा फेटाळला. दोन्ही पार्ट्यांना बिदागी देणारा फडाचा मालक एकच असतो, हे आमच्या गावच्या कोणत्याही जयंती मंडळाला ठाऊक आहे. अर्थात वैर नेहमी गाण्यापुरतेच राहते, असा आमचा दावा नाही. तुपाक शकूर १९९६मध्ये आणि नोटोरियस बिग १९९७मध्ये गोळ्यांना बळी पडले, ते अशाच वैराच्या दिवसांत.

तथापि, रॅपगायकाच्या वाट्याला दुसऱ्या जातीचे भांडणही येते, आणि त्याची गणना आपण पहिल्यातच करून टाकतो. मार्च २०२३मध्ये इंदूरला करणी सेनेच्या कार्यकर्त्यांनी स्टॅनच्या कार्यक्रमात मंचावर घुसून तो बंद पाडला. त्याच्या गाण्यांतल्या शिव्या आणि स्त्रियांविषयीची भाषा हा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. आम्हांलाही ती भाषा खटकते. परंतु खटकणे हे लिहून, बोलून, गाऊन सांगता येते.

पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०२३मध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणावर अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. जून २०२२च्या शिवसेनेतील फुटीनंतर विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके’ची घोषणा दिली होती, तिचाच धागा त्याच्या रॅपमध्ये होता. गाण्यात कोणाचेही नाव नाही, असा त्याच्या बाजूचा युक्तिवाद होता. मुंबईच्या वडाळा टी. टी. पोलिसांनी त्याच सुमारास उमेश खाडे याच्यावर ‘भोंगळी केली जनता’ या रॅपसाठी गुन्हा नोंदवला. ‘भोंगळे’ हा शब्द आमच्याकडे घराघरांत अंगणातल्या उघड्या लेकरासाठी वापरतात. त्यात दारिद्र्य आहे, आणि फार तर थोडी माया आहे.

या भांडणात समोरून गाणे येत नाही, पोलीस ठाण्यात हजर राहण्याचा कागद येतो. विरोधी पक्षांचे पुढारी दोघांच्या पाठीशी उभे राहिले हे चांगलेच झाले, पण पुढाऱ्याच्या पाठिंब्याला निवडणुकीचे पंचांग असते. शाहिराने ही किंमत यापूर्वीही मोजली आहे. अण्णाभाऊ साठे यांच्या लाल बावटा कलापथकाला सरकारी बंदी सोसावी लागली. कबीर कला मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. आरोप नक्षलवाद्यांशी संबंधांचा होता. माळी यांना जामीन मिळाला तो जानेवारी २०१७मध्ये, सर्वोच्च न्यायालयाकडून.

हे दूरचे वाटू नये. गोकुंद्याचा एक विद्यार्थी आमच्याकडे वह्या घेऊन येतो. घरी गोरमाटी, शाळेत मराठी, बाजारात तेलुगू. यमकांची त्याला वाण नाही. त्याने गावाकडच्या उखडलेल्या रस्त्यावर एक रॅप रचला होता, ठेकेदाराच्या नावासकट. आम्हांला तो आवडला. घरच्यांनी आधी नाव काढायला लावले, मग गाणेच बाजूला ठेवायला लावले. तो म्हणाला, “सर, नाव घेतलं तर घरी पोलीस येतील, अन् नाही घेतलं तर गाणं कशाला?” दोन महिन्यांनी त्याने आदिलाबादकडच्या एका पोराला शिव्या घालणारे गाणे मोबाइलवर टाकले. ते पुष्कळांनी पाहिले. त्या पोराने उत्तर दिले, तेही पुष्कळांनी पाहिले. रस्ता आहे तसाच आहे.

या मुलाला दोष देण्याचे धारिष्ट आमच्यात नाही. कोणते भांडण परवडते आणि कोणते परवडत नाही, हे तो बाजाराकडून आणि पोलीस ठाण्याकडून बरोबर शिकला. प्रश्न आपला, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा आहे. मुंगासे-खाडे यांच्या रचना आपण बातमी म्हणून वाचल्या, रचना म्हणून नाही. त्यातले यमक कुठे नुसते टाळ्यांसाठी आहे, उपहास कुठे नेमका बसतो, शब्द कोणत्या बोलीतून आला आहे, हे सांगणे समीक्षेचे काम आहे. ते तिने केले नाही, की गाण्याचा अर्थ लावण्याचे काम ठाणे अंमलदाराकडे जाते.

सामन्याचा कायदा साधा आहे. गाण्याला उत्तर गाण्याने द्यावे, ते जमत नसेल तर गद्यात द्यावे, तेही जमत नसेल तर गप्प बसावे. कूट सुटले नाही म्हणून एखादा कलगीवाला फडातून उठून चावडीवर फिर्याद द्यायला गेला असता, तर त्याच्या स्वतःच्या पार्टीनेच त्याला पुन्हा डफ धरू दिला नसता.