नातीचं लॅटिन आणि आपली पंचमी

टेक्सासला राहणाऱ्या माझ्या मुलीने नातीला शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतल्याचं नातेवाइकांना ठाऊक आहेच. तिकडे याला होमस्कूलिंग म्हणतात. अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत त्याला परवानगी आहे. टेक्सासमध्ये तर १९९४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरची शाळा ही खासगी शाळाच मानली. थोडक्यात काय, तर अभ्यासक्रम आईबापांनी निवडायचा, गुणपत्रकही त्यांनीच लिहायचं. स्वातंत्र्य मोठं, आणि जबाबदारीही तेवढीच!

नात आता चौदा वर्षांची, म्हणजे तिकडच्या हायस्कूलची पहिली पायरी. बऱ्याच कॉलेजांना हायस्कूलमध्ये निदान दोन वर्षं एक परभाषा शिकलेली हवी असते. तिने लॅटिन निवडलं, कारण तिला झाडाझुडपांचं वेड. लगेच सगळ्यांनी मला विचारायला सुरुवात केली, "तुम्ही एवढी वर्षं संस्कृत शिकवलंत, मग नात लॅटिन कशी?" मी म्हटलं, जिथे मुलाचं मन आहे तिथून सुरुवात करावी. तुळशीचं शास्त्रीय नाव ओसिमम टेन्यूइफ्लोरम. त्यातला 'टेनुइस' म्हणजे सडपातळ, नाजूक. आपल्या 'तनु'चा सख्खा भाऊ! पातेर-पितृ, मातेर-मातृ, सेप्तेम-सप्त हे तर प्रसिद्धच आहेत. विल्यम जोन्सने कलकत्त्याला १७८६ साली हे नातं जाहीरपणे मांडलं. तेव्हा पोर काही परक्या घरी चाललेली नाही.

पण पुस्तक कोणतं घ्यायचं? मुलीने तीन पुस्तकांची पानं पाठवली आणि म्हणाली, "आई, तूच सांग. मला यातलं ओ की ठो कळत नाही." वर्ष वाया गेलं तर पोरीचा धीर खचेल, आणि घरी शिकवण्याच्या निर्णयावर बोट ठेवायला लोक तयारच बसलेत, ही तिची खरी काळजी.

पहिलं पुस्तक डॅनिश शिक्षक हान्स ऑर्बेर्ग यांचं. पहिल्या पानापासून सगळं लॅटिनमध्येच! एका रोमन कुटुंबाची गोष्ट, चित्रं, समासात खुणा. अर्थ अंदाजाने उमगत जातो. फार गोड पुस्तक. दुसरं फ्रेडरिक व्हीलॉक यांचं, १९५६ सालचं. महायुद्धावरून परतून कॉलेजात बसलेल्या तरुणांना शिकवताना ते तयार झालं. ४० धडे, प्रत्येकात ठासून व्याकरण आणि प्राचीन लेखकांची वाक्यं. तिसरं रॉबर्ट हेन्ले या जेझुइट पाद्र्यांचं, हायस्कूलच्या मुलांसाठी लिहिलेलं. एका वेळी एकच मुद्दा आणि त्यावर ढीगभर वाक्यं. पहिल्या वर्षाचे शब्द सुमारे ५००च. व्याकरणाचं पुस्तक वेगळं, उत्तरांचं वेगळं.

मी हेन्ले घ्यायला सांगितलं. कारण सांगते.

वर्गात शिक्षक असतो तेव्हा कोणतंही पुस्तक चालतं, कारण पुस्तकाची उणीव तो भरून काढतो. घरच्या शाळेत आधी पाहायचं ते हे, की मुलाच्या शेजारी कोण बसणार? माझ्या मुलीला लॅटिन येत नाही. ऑर्बेर्ग वाचताना पोरीने चुकीचा अंदाज केला, तर तो चुकला हे सांगणार कोण? व्हीलॉकचा धडा पचायला मोठं वय लागतं, नाहीतर समजावून सांगणारा लागतो. हेन्लेत मात्र आईला उत्तरांशी वही ताडून पाहता येते. चूक सापडली की नियम उघडायचा.

मुलगी म्हणाली, "पण आई, ही घोकंपट्टीच झाली. आणि शब्द सगळे सीझरच्या लढायांचे!" खरं आहे. शिवाय २०२५-२६ पासून तिकडच्या एपी लॅटिन परीक्षेतून सीझर गेला आणि धाकट्या प्लिनीची पत्रं आली. व्हर्जिल तेवढा राहिला. पण परीक्षेचे वेचे बदलतच असतात, विभक्त्या बदलत नाहीत. पाद्रीबाबांच्या वाक्यांत मेरी आणि संत भेटतात, त्यालाही माझी हरकत नाही. विभक्तीला धर्म नसतो.

घोकंपट्टीचा धोका मात्र मी नाकारत नाही. 'रामः रामौ रामाः' धडाधडा म्हणणारी, पैकीच्या पैकी गुण घेणारी आणि साधी गोष्ट वाचता न येणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. म्हणून दोन अटी घातल्या. एक, पहिल्या पुस्तकाला दोन वर्षं द्यायची, घाई नाही. दुसरी, आठवड्यातून एक दिवस व्याकरण बंद, फक्त ऑर्बेर्गची गोष्ट वाचायची. मुख्य जेवण हेन्लेचं, पण तोंडाला चव हवीच की!

पाठांतर ऐकायचं काम मी मागून घेतलं. तिकडे सकाळ असते, इथे संध्याकाळ. ती फोनवर म्हणते, "टेर्रा, टेर्राए, टेर्राए, टेर्राम, टेर्रा" आणि मी समोरच्या पानावर बोट फिरवत जाते. लॅटिन मला येत नाही, पण विभक्ती म्हणजे काय ते येतं, तेवढ्यावर भागतं. परवा तिने विचारलं, "आजी, ही अॅब्लेटिव्ह नक्की काय करते?" मी म्हटलं, "बाळा, आपली तृतीया, पंचमी आणि बऱ्याचदा सप्तमीसुद्धा, तिघींचं काम ती एकटी करते." मग अर्थातच पंचमी म्हणजे काय ते सांगावं लागलं. 'झाडावरून पान पडलं' हे वाक्य तिने दोनदा म्हणून घेतलं. त्यातलं 'वरून' तिला तेव्हा कुठे दिसलं.

जिचं मराठी 'हो आजी, बरी आहे' याच्या पुढे जात नव्हतं, ती आता मला मराठीतल्या प्रत्ययांबद्दल विचारते. संस्कृतचा आग्रह धरला असता तर हे झालं असतं का, कोण जाणे.

असो. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा विचार चालू असेल, तर पुस्तकाची कीर्ती नंतर पाहा. वही कोण तपासणार आणि पाठ कोण ऐकणार, हे आधी ठरवा. ऐकायला घरात कुणी नसेल, तर आम्हा निवृत्त मंडळींना वेळच वेळ आहे!