मोजमापं घ्या आणि पाडून टाका, असं मी म्हणत असे

नोकरीसाठी इंग्लंडमधल्या बेडफर्डला आले तेव्हा जवळच्या कार्डिंग्टनमधल्या एअरशिपच्या दोन प्रचंड शेड पाहून मी ऑफिसात ठामपणे सांगितलं होतं : मोजमापं घ्या, फोटो काढा, नकाशे नीट जपून ठेवा आणि हे पाडून टाका. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. एवढं जुनं लोखंड आणि पत्रा सांभाळायला काय खर्च येतो ते मला ठाऊक होतं. पण मनातलं खरं कारण दुसरंच होतं. हिंदुस्थानवरची पकड घट्ट राहावी म्हणून इथे एअरशिप, म्हणजे हलक्या वायूने तरंगणारी अवाढव्य हवाई जहाजं, बांधली गेली. ती अडगळ जपण्याशी माझा काय संबंध?

हे मत मी बरीच वर्षं बाळगलं. आज ते मला साफ चुकीचं वाटतं.

पहिली शेड पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या एअरशिप बांधण्यासाठी उभी राहिली. पुढे आर-101 या एअरशिपसाठी तिचं छप्पर 35 फूट वर उचललं आणि लांबी 812 फूट केली. आपल्या रेल्वेचे दहा डबे आत सहज उभे राहतील. दुसरी शेड 1928 मध्ये नॉरफोकमधल्या पुलहॅमहून सुटी करून आणली आणि इथे पुन्हा जोडली. हे सगळे आकडे मला पाठ होते. पण एका रविवारी दाराच्या पायथ्याशी उभी राहून मान वर केली, तेव्हा लक्षात आलं की 812 हा आकडा मी फक्त वाचला होता.

तरीही मत बदललं ते कामामुळे. 1990च्या दशकात यातल्याच एका शेडच्या आत आठ मजली पोलादी इमारत बांधून तिला मुद्दाम आगी लावण्यात आल्या. तुळया हजार अंशांच्या आसपास तापल्या, मजले खाली वाकले, पण इमारत कोसळली नाही. चारी बाजूंनी ताणून धरलेल्या चादरीसारखा स्लॅबच भार पेलत होता. आगीत इमारत कशी वागते याचं आमचं गणित त्या चाचण्यांनी बदललं. मी स्वतः ते निष्कर्ष कितीदा वापरले आहेत! आठ मजले पोटात घेईल एवढी छपराखालची मोकळी जागा शिल्लक होती, म्हणून हे जमलं. माझ्या सल्ल्याने चाललं असतं, तर नकाशांच्या गुंडाळ्या उरल्या असत्या. त्यात कोण इमारत बांधणार होतं?

दुसरी गोष्ट घरची म्हणावी अशी. 4 ऑक्टोबर 1930च्या संध्याकाळी आर-101 इथूनच कराचीला निघालं आणि त्याच रात्री फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ कोसळून पेटलं. 54 माणसांपैकी 48 गेली. कार्डिंग्टनच्या चर्चमध्ये त्याचा होरपळलेला ध्वज लावलेला आहे, आणि जवळच सगळ्यांची एकच कबर आहे. तिच्यावर कोरलेल्या नावांत हवाई मंत्री लॉर्ड थॉमसन यांचंही नाव आहे. त्यांचा जन्म 1875चा, नाशिकचा. मीही नाशिकची. त्या दगडापुढे ‘माझा काय संबंध’ हे वाक्य मला पुन्हा म्हणवलं नाही.

मग मी कराचीचा शोध घेतला. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. आर-101च्या मुक्कामासाठी तिथे साडेआठशे फुटांची शेड बांधून तयार होती. लोक तिला ‘काला छपरा’ म्हणत. तिथे एकही एअरशिप कधी आलं नाही, तरी ती तीसेक वर्षं उभी होती. 1960च्या दशकात ती पाडली. उरले ते थोडे फोटो. मी ते मोठे करकरून पाहिले. चौकट दिसते. पण तेवढ्या उंचीवर चढून रिव्हेट ठोकणारे आपले कामगार कोण होते, ते फोटो सांगत नाहीत. साम्राज्याची अडगळ म्हणून मी जे मोडीत काढत होते, त्यात त्यांची मेहनत होती, आणि तीच सगळ्यात आधी पुसली गेली.

कार्डिंग्टनच्या शेड आता संरक्षित यादीत आहेत. पहिल्या शेडचा पत्रा नव्याने बसवला आहे, त्यावर झालेला खर्च मला आज योग्य वाटतो. नोंदी हव्यातच, बारकाईने हव्यात, पण त्या पाडण्याचा परवाना म्हणून नकोत.

फाळणीपूर्वी कराचीत खूप मराठी कुटुंबं होती. तुमच्या घरी तिथल्या दिवसांचा अल्बम असेल, तर एकदा उघडून पाहा. एखाद्या फोटोत मागे लांबलचक काळं छप्पर दिसलं, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारा. साल, जागा आणि फोटोतल्या माणसांची नावं मागे लिहून ठेवा, आणि त्याची एक प्रत एखाद्या ग्रंथालयात द्या.